साठीतल्या विद्यार्थ्यांबद्दल, आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "साठीतल्या माणसांना चित्रकला शिकवून काय मिळतं गं? त्यांना कुठं इंटरमिजिएटची परीक्षा द्यायचीय?" मी रिक्षात होते, नीट बोलता आलं नाही.

आधी पैशाचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. खोलीचं भाडं आणि कागद-रंग निघून थोडं उरतं. फार नाही.

पहिल्या रविवारी बहुतेक जण एकच चित्र काढतात: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. चौथीत पेन्सिल जिथं ठेवली, तिथूनच उचलतात. आणि वाक्यही ठरलेलं, "मॅडम, मला सरळ रेघसुद्धा येत नाही." म्हणून वर्गात खोडरबर बंद केलाय. पितळी तांब्या समोर ठेवते अन् सांगते, कागदाकडं बघायचं नाही, तांब्याच्या कडेवरून मुंगी चालतीय तसं नजरेनं चालायचं, पेन्सिल आपोआप मागं येईल. तांब्या चेपलेला निघतो. पण तो समोरचाच असतो, पाठ केलेला नसतो.

एक आजी आहेत. पेन्सिल धरली की त्यांचा हात थरथरायचा. एकदा फरशीवर रांगोळी दिली आणि कढीपत्त्याची डहाळी समोर ठेवली. चिमटीतून अशी रेघ सुटली की मीच बघत राहिले! लगेच शाईचा ब्रश हातात दिला. थरथर कुठच्या कुठं.

फेब्रुवारीत सगळ्यांना अजिंठ्याला नेलं. सोमवारी लेणी बंद, रविवारी गर्दी, म्हणून शनिवारी. एक नंबरच्या लेण्यात मी भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ समजावत होते, आणि आमचे गवंडीकाका चित्राकडं बघतच नव्हते. रंग जिथं गळून पडलाय तिथली भिंत न्याहाळत होते. म्हणाले, "मॅडम, हा तर आपल्या माळवदाच्या घराचा गिलावा. माती, तूस, गवत." खरंच तसंच आहे ते. कातळावर मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर चिकटायला सरस घातलेले रंग. निळा तेवढा परमुलखातला, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा. डिप्लोमाला हे सगळं मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. भिंत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पुढच्या रविवारी काका प्लायवूडवर तसाच गिलावा करून घेऊन आले. आठवड्यात तडे गेले. तूस कमी पडलं म्हणे! आता दुसरा करताहेत, आणि त्यावर आधी चित्र कुणी काढायचं यावरून वर्गात भांडणं.

आई, तो लेप बघताना तुझी आठवण झाली. दिवाळीच्या आधी तू भिंतीला पांढरी माती लावायचीस, तेव्हा पोतेऱ्याचे अर्धगोल उमटायचे. मी त्यांच्यावर बोट फिरवायचे आणि तू ओरडायचीस.

शेजारच्या काकूंचा मुलगा गावाकडं निघालाय, त्याच्याजवळ बाबांच्या गुडघ्याचं तेल आणि दोन चित्रवह्या देतेय. दोन, कारण एक आईची. सोबत ४बी पेन्सिली आहेत. पिशवीत खोडरबर शोधत बसू नका, तो मी दिलेलाच नाही.

तुमची,
बेबी