‘सांभाळून घेते’, म्हणून बढती नाही

संपादक महोदय,

मार्चमधला महिला दिन आला की सॉफ्टवेअर कंपन्या किती मुली नोकरीत घेतल्या याचे आकडे जाहीर करतात. त्यातल्या किती जणी पाच वर्षांनी टीम लीड झाल्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

या क्षेत्रात मी २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ अप्रेझल, म्हणजे कामाचं वार्षिक मूल्यमापन, करणाऱ्यांच्या बाजूला बसून. एक बैठक अजून डोक्यातून जात नाही. बढतीची जागा एक, नावं दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. त्याच्या फॉर्मवर शेरा होता, ‘पेमेंट मॉड्यूल (सॉफ्टवेअरमधला पैसे भरण्याचा भाग) एकट्याने उभं केलं.’ तिच्या फॉर्मवर, ‘शिस्तशीर, टीमला सांभाळून घेते.’ तेच मॉड्यूल रिलीजच्या आदल्या रात्री दोनदा आडवं झालं, तेव्हा पहाटेपर्यंत लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, उपसून चूक शोधली ती तिने. नवीन आलेल्या चौघांना तयार केलं तिने. प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याचं टिपणही तिच्याकडेच, कारण ‘तू छान लिहितेस’. (हे वाक्य माझंच.) यातल्या एकाही कामाला फॉर्मवर रकाना नव्हता. बढती त्याला मिळाली, सही माझीही होती. दीड वर्षाने तिने राजीनामा दिला आणि आम्ही कारणापुढे ‘वैयक्तिक’ लिहून मोकळे झालो.

हा एका कंपनीपुरता मामला नाही. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन-इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार अमेरिका-कॅनडातल्या कंपन्यांत मॅनेजरपदाची पहिली बढती १०० पुरुषांना मिळाली तेव्हा ८७ स्त्रियांना मिळाली. गळती सुरू होते ती या पहिल्याच पायरीवर. वरच्या पदांसाठी ‘लायक बाईच सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी खाली डोकावावं.

मुलींना सॉफ्टवेअरमध्ये रसच नसतो, हेही ऐकून कान किटले. १९४६मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं होतं. बढतीची वाट अडलेली पाहून नोकरी सोडलेल्या स्टेफनी शर्ली यांनी १९६२मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मुलांमुळे घरी बसलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून काम दिलं. व्यवसायाच्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्यांनी ‘स्टीव्ह’ अशी सही सुरू केली. मग उत्तरं येऊ लागली!

आज सही बदलावी लागत नाही, पण बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या इंजिनियरला अजूनही जुन्या सिस्टिमच्या डागडुजीवर बसवतात. ‘तिच्याच सोयीसाठी.’ तिला विचारलेलं नसतं. पुढच्या अप्रेझलला पुन्हा हेच, मोठं काम नाही म्हणून बढती नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. बढतीचे निकष नावं पुढे येण्याआधी लेखी ठरवा. नवख्यांना शिकवणं, बंद पडलेलं रात्रीतून उभं करणं, यालाही फॉर्मवर रकाना द्या. रजेवरून आलेलीला तिचा प्रोजेक्ट परत द्या, नको असेल तर ती सांगेल.

आणि मिनिट्सची पाळी लावा. मी उशिरा का होईना लावली. पहिल्याच आठवड्यात दोन सिनियर येऊन सांगू लागले, ‘सर, आम्हाला टायपिंग जमत नाही.’ दिवसभर कोड टाइप करणारी माणसं!

आपला,
एक निवृत्त मॅनेजर
(कृपया नाव छापू नये.)