राजीनाम्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू कॉलेजच्या नोकरीच्या राजीनाम्याचं बोललीस तेव्हापासून तुझी आई गप्प आहे. पीएच.डी.ला इतकी वर्षं घालून आता सोडायचं, हे तिला पटत नाही. मी तुझ्या बाजूने आहे, हे आधी सांगतो.

कॉमर्सच्या पोरांना मी नोकरीभर हर्झबर्ग हा मानसशास्त्रज्ञ शिकवला. 1959 साली त्याने पिट्सबर्ग भागातल्या दोनशेएक इंजिनिअर आणि अकाउंटंटांच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, धोरण, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो. ती सुधारली तर वैताग जातो, पण तेवढ्याने तो कामात रमत नाही. रमायला काम स्वतःच गोड लागावं लागतं, त्याची कुणी दखल घ्यावी लागते. तुझं ऐकताना मला तेच आठवत होतं. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700पासून सुरू होतं, तुला त्याच्या निम्म्यावर राबवतात. वर ॲडमिशनचं टार्गेट, ॲक्रेडिटेशनच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली. पण वर्गाबद्दल तू एकही वाकडा शब्द काढला नाहीस. प्रॅक्टिकलचं सांगताना तर तुझा आवाजच बदलला. म्हणून विचारतो, तुला शिकवणं सोडायचंय की ती जागा?

नोकरीत टिकून राहणारे सुखी आहेत असंही समजू नकोस. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अनुदानित महाविद्यालयांत कायम झालेला माणूस सहसा सोडून जात नाही. त्यातले कितीतरी मनाने केव्हाच बाहेर पडलेले मी स्टाफरूममध्ये पाहिलेत. फक्त हजेरीवर सही असायची. आणि तासिका तत्त्वावरची पोरं? नेट-सेट झालेली, सकाळी चोपडा, दुपारी यावल. पैसे घेतलेल्या तासांचे, सुट्टीत हात रिकामे, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ती बदलत राहतात आणि विद्यार्थ्यांना आपलं म्हणावं असं कुणी उरत नाही. माझा जीव सगळ्यात जास्त तिथे तुटतो.

सोडायचंच ठरलं तर अर्जात 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहू नकोस. सगळे तेच लिहितात, मग माणसं का जातात हे संस्थेच्या कागदावर कधी येतच नाही. पगार आणि टार्गेट, दोन्ही सभ्य भाषेत लिही. तुझ्या हाताखाली संशोधन करणाऱ्या दोघी विद्यार्थिनींचं मार्गदर्शन कुणाकडे जाणार, ते आधी नक्की कर. गाईड मध्येच गेला की वर्षं त्यांची वाया जातात.

नियुक्तिपत्र, निवड समितीचा कागद, पगाराच्या स्लिपा, अनुभवाचा दाखला, सगळं हातात घेऊनच नीघ. यूजीसीच्या 2018च्या नियमांत मागची सेवा धरायची सोय आहे, पण नेमणूक रीतसर निवड समितीतून झालेली दाखवावी लागते. नोटिशीचा काळ संपेपर्यंत इतर ठिकाणी अर्ज टाकत राहा. मधले काही महिने पगार नसला तर घरभाड्याचं मी बघतो, त्यासाठी अडून राहू नकोस. आईशी मी बोलतो.

तुझा,
अप्पा
जळगाव