लॅपटॉपच्या बिलावर अपडेटची मुदतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट थांबवली. त्या आठवड्यात बातम्या भरपूर आल्या आणि विषय मागे पडला. घरोघरी झालेला घोळ मात्र अजून निस्तरतोच आहे. मी पाचपाखाडीत राहते आणि ठाण्यातल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते. त्यामुळे आज या सेक्रेटरींच्या घरी, उद्या त्या खजिनदारांच्या घरी त्यांच्या संगणकासमोर बसणं हा माझा नेहमीचाच उद्योग. मी काही इंजिनिअर नाही, पण या निमित्ताने जे बघायला मिळालं ते कळवावंसं वाटलं. त्यातूनच एक मागणीही पुढे आली आहे.

बऱ्याच जणांची समजूत अशी झाली होती की पंधरा ऑक्टोबरला सकाळी संगणक सुरूच होणार नाही. तसं काही झालं नाही, होणारही नव्हतं. वर्ड उघडतं, प्रिंट निघते, परदेशातल्या नातवाशी बोलता येतं. थांबलं आहे ते सुरक्षेचं काम. विंडोजमध्ये नवनवी भोकं सापडत राहतात आणि दर महिन्याच्या अपडेटने ती बुजवली जातात, ते आता होणार नाही. याचा धोका खरा आहे. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या संगणकांतल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली, तेव्हा त्या भोकावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. विंडोज एक्सपीची अपडेट तर २०१४मध्येच बंद झाली होती, तिच्यासाठी कंपनीला हल्ल्यानंतर घाईघाईने खास अपडेट काढावं लागलं. तेव्हा ज्यांचं नेट बँकिंग आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न त्याच संगणकावरून होतं, त्यांनी 'चालतंय ना, मग राहू दे' म्हणून चालणार नाही. पण म्हणून दुसऱ्याच दिवशी चाळीस हजार मोजायला धावायचीही गरज नव्हती.

कारण मधली एक वाट आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, देऊ केली आहेत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर त्यात नाव नोंदवण्याची लिंक दिसते. संगणकावर विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपली सेटिंग्ज त्या खात्यात बॅकअप होऊ दिली तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर भरायचे, किंवा कंपनीचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट वापरायचे. एका नोंदणीत दहा संगणक चालतात. फोटो आणि कागदपत्रांचे फोल्डर मात्र बॅकअपला लावून बसू नका, फुकट मिळणारी जागा पाच जीबीच आहे. ती भरली की आणखी जागा विकत घ्या म्हणून निरोप सुरू होतात. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी या बॅकअपच्या अटीवर आवाज उठवला, तेव्हा तिथल्या ग्राहकांना ती माफ झाली. आपल्याकडे अट तशीच आहे.

ही सोय मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या कुणालाच आधी ठाऊक नव्हती. दुकानात ती कुणी सांगत नाही, कारण त्यात दुकानाला काही सुटत नाही.

विंडोज ११ला संगणक चालेल की नाही, हे तर आणखी मोठं कोडं. त्यासाठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धात आलेला किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. शिवाय चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. हे सगळं तपासायला मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' फुकट मिळतं. आमच्या ओळखीचे वर्तकनगरचे एक काका त्यांचा डेस्कटॉप घेऊन दुकानात गेले. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, यात टीपीएमच नाहीये. मदरबोर्ड टाकावा लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या." काका परत आले ते नव्या मशीनचं कोटेशन खिशात घालून. प्रोसेसर आठव्या पिढीचा होता. टीपीएमही होतं, फक्त बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेलं. इंटेलच्या बोर्डांवर ते 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीच्या बोर्डांवर 'एफटीपीएम' नावाने. ते चालू केलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि हेल्थ चेकमध्ये हिरवी खूण आली. खर्च शून्य. त्या मुलाला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला ठरवता येत नाही. दोन्ही शक्य आहे.

आता प्रत्यक्ष अपग्रेडविषयी. कंपनीच्या पद्धतीने, आहे त्या विंडोज १०वरून ११वर गेलं तर फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. पाच-सहा जीबी उतरवायचे, मग 'संगणक बंद करू नका' बघत बसायचं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि तो वायरीवरच चालत असेल, तर लाइट जाण्याची भीती नको म्हणून हे काम भर पावसाळ्यात काढू नये, इतकंच. पण दुकानांना हे किचकट वाटतं. ते सरळ फॉरमॅट मारतात, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतात. 'डेटा घेतलाय ना?' असं विचारतात, आपण मान हलवतो, आणि डेटा म्हणजे डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली असं दोघांनीही धरलेलं असतं.

मराठी माणसाला इथे एक वेगळाच फटका बसतो. आपल्या सोसायट्यांच्या सूचना, इतिवृत्तं, थकबाकीदारांना पाठवलेली पत्रं ही कित्येक वर्षं जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाली आहेत. त्या फॉन्टमध्ये 'क' हा खरा 'क' नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असतं. फॉरमॅटमध्ये तो फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. एका सोसायटीत वार्षिक सर्वसाधारण सभेची मागच्या वर्षीची सूचना उघडली तेव्हा विषयपत्रिकेच्या जागी हेच होतं. सेक्रेटरींना वाटलं व्हायरस शिरला, आणि त्यांनी फाइल पुसायला घेतली होती. फाइल शाबूत असते, फॉन्ट परत टाकला की मजकूर दिसतो. खरा उपाय म्हणजे कामाचा मजकूर एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणं आणि पुढे युनिकोडमध्येच लिहिणं. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायचा फोनेटिकही. वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. पण जुन्या कळपटावर बोटं बसलेल्या टायपिस्टला हे सांगून बघा!

याहून गंभीर गोष्ट कुलपाची. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर कोऱ्या मशीनवर बसवल्या, की अनेकदा डिस्कवर आपोआप एन्क्रिप्शन चढतं. चोरी झाली तर चांगलंच आहे. पण पुढे बायॉसमध्ये काही बदललं किंवा एखादा भाग बदलला, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. नौपाड्यातल्या एका काकूंच्या लॅपटॉपवर हे झालं, तेव्हा पहिला प्रश्न आला, खातं कोणतं? काकूंनी कधी खातं उघडलंच नव्हतं. ते उघडलं होतं फॉरमॅट करणाऱ्या मुलाने, स्वतःच बनवलेल्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. सोसायटीचा पाच वर्षांचा हिशेब त्या कुलपात, किल्ली त्या मुलाकडे, आणि मुलाने नोकरी सोडलेली. त्याचा नंबर शोधून काढेपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. त्याने लगेच ओटीपी दिला, भला मुलगा म्हणायचा. म्हणून ज्यांनी बाहेरून विंडोज टाकून घेतलं आहे त्यांनी आजच बघावं की खातं आपल्या ईमेलवर आणि आपल्या नंबरवर आहे ना. मग त्या खात्यात जाऊन ती की कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

या गोंधळात हात मारणारेही आहेतच. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय' असा फोन आला की तो ठेवून द्यावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही, आणि त्यांच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. स्क्रीन शेअर करून पैसे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

जी मशीनं विंडोज ११ला खरोखरच चालत नाहीत, ती लगेच भंगारात काढू नयेत. फक्त ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूब एवढाच वापर असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं सुखाने चालतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा. आणि मशीन द्यायचंच असेल तर हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नये.

आता मागणी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, पण पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर काहीच नाही. सातव्या पिढीचे लॅपटॉप २०१८मध्येही दुकानांत विकले जात होते, आणि २०२१मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ते एका फटक्यात अपात्र ठरले. घेणाऱ्याला हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. २०१५मध्ये तर कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर भाषणात म्हटलं होतं. विंडोज ११ घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. होम प्रकारात दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच अपडेट मिळतात, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून मोबाइल, राउटर, घरातले कॅमेरे अशा इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंना किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील, हे उत्पादकांना जाहीर करावं लागतं. लॅपटॉप तिथेही त्यातून सुटले आहेत, पण सुरुवात तरी झाली. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टलही सुरू केलं, त्यावर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आहेत. मग बिलावर एक ओळ वाढवायला हरकत काय? प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मशीनवर कोणती विंडोज आहे आणि तिची अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, एवढंच. वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्यांना तर ही सक्ती आधी हवी. विंडोज १०चे लॅपटॉप 'एकदम ओके कंडिशन' म्हणून सध्या स्वस्तात फिरत आहेत आणि कॉलेजची मुलं ते घेत आहेत.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हाती घ्यावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती. एक वर्षाची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६मध्ये संपेल, तेव्हा दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफर सुरू झालेल्या असतील. त्याआधी हे झालं तर बरं.

कळावे.

आपली एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)