रोप विकताना एवढं तरी सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परसबागेतल्या आगळ्यावेगळ्या फळझाडांवर येणारे लेख मी नेमाने वाचते, कात्रणंही ठेवते. कुंडी केवढी घ्यावी, शेणखत किती, ऊन किती तास, सगळं त्यात असतं. त्या रोपाला फळ धरायला जोडीदार लागतो की नाही, हे मात्र आजवर एकाही लेखात वाचलं नाही. ड्रॅगन फ्रूटचा रंगीत फोटो छापता आणि खाली 'आता गच्चीवरही' असं लिहिता, तेव्हा या गोष्टीला दोन ओळी द्यायला हरकत नसावी.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. राजापूर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून बाळंतपणं करण्यात उमेदीची वर्षं गेली. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही की लोक सुनेला पुढे करून यायचे. 'मुलालाही घेऊन या' म्हटलं की सासूच्या कपाळाला आठी पडायची. परसातल्या वेलींचंही तेच बघते आहे. वेल फुलते, फळ धरत नाही, की दोष वेलीला, नाहीतर मातीला, नाहीतर शेजारणीच्या नजरेला. नर कुठे आहे, हे कोणी विचारतच नाही. पपईचा नर आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं, पण हे शहाणपण पपईच्या पुढे जात नाही.

फागलीचं घ्या. घाटावर तिला कर्टुली म्हणतात. श्रावणात बाजारात तिचा भाव ऐकून माणसं मागे फिरतात, म्हणून हल्ली पुष्कळजण ती परसात लावतात. हिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. बियांपासून लावली तर साधारण निम्म्या वेली नर निघतात आणि फूल येईपर्यंत ओळखायला मार्ग नाही. कंद लावला तर ज्या वेलीचा कंद, तीच जात. पावसाळा सरताना वेल वाळते, कंद मातीत झोपून राहतो आणि मृगाला परत फुटतो. म्हणून फुलं आली की मादी वेलीच्या बुडाशी खूण म्हणून रंगीत चिंधी बांधावी आणि पुढे कंद तिथलेच घ्यावेत. मादीचं फूल ओळखणं सोपं आहे, पाकळ्यांखाली बोटाच्या पेराहून लहान काटेरी फळ आधीच असतं. नराच्या फुलाखाली नुसता देठ.

पण सगळ्या माद्याच ठेवल्या तरी पंचाईत. आठ-दहा माद्यांमागे एक तरी नर हवा. फुलं दिवेलागणीला उमलतात, त्या वेळी नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं. माझी नात विजेरी धरून उभी राहते आणि मी हे काम करते. पोरीला यात फार गंमत वाटते. तिच्या आईला वाटत नाही.

भाजीच्या वेलीत एक हंगाम जातो, झाडात अर्धं आयुष्य. जायफळाची बियांपासून केलेली रोपं साधारण निम्मी नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. आमच्या वाडीतल्या एका मुलाने मुंबईची नोकरी सोडून जायफळाची रोपं लावली. विकणाऱ्याने ती 'गॅरंटीची' म्हणून दिली होती. कसली गॅरंटी, ते या मुलाने विचारलं नाही आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही. फूल आलं तेव्हा बहुतेक झाडं नर. तो कुऱ्हाड घेऊन निघाला होता, मी म्हटलं थांब. नर झाडावर मादीची काडी भरून कलम करता येतं, झाड तोडावं लागत नाही. दहा माद्यांमागे एखादा नर तर ठेवायलाच हवा. रातांब्याची, म्हणजे कोकमाचीही तीच कथा, त्याच्याही बियांच्या रोपांत निम्मे नर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रातांब्याच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती दिल्या आहेत, त्यांची कलमं मिळतात. कलम घेतलं की फळाची खात्री राहते. तरीही आठवडी बाजारात 'रातांबा, रातांबा' म्हणून पिशवीतली बियांची रोपंच खपतात, कारण ती स्वस्त.

आता पॅशन फ्रूट. कृष्णकमळाची ही भावंडं. थंड, उंचावरच्या भागात जांभळी जात चालते आणि ती एकटीही फळते. आमच्या दमट किनाऱ्याला पिवळी मानवते, पण तिला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो. इथे खरी गंमत आहे. एकीने रोप आणलं, फूल देखणं, म्हणून सगळ्या वाडीने तिच्याकडून फांद्या नेऊन लावल्या. आज आमच्या वाडीत जवळपास प्रत्येक कुंपणावर ती वेल आहे आणि फळ कुठेच नाही. फांदीपासून केलेली वेल म्हणजे तीच वेल. घरं दहा असली तरी झाड एकच! दुसऱ्या गावातून वेगळ्या वेलीच्या फळाचं बी आणून रुजवा, मग बघा. शिवाय ही फुलं दुपारी बाराच्या सुमारास उमलतात आणि त्यांचं काम करतो तो मोठा काळा भुंगा. लाकूड पोखरतो म्हणून आपण त्याला झाडूने मारतो. एखादा वाळका वासा त्याच्यासाठी मांडवाला राहू द्यावा आणि भरदुपारी फवारणी करू नये.

ड्रॅगन फ्रूटचं फूल एका रात्रीचं, सकाळी मान टाकतं. पांढऱ्या गराची झाडं बहुधा आपली आपण फळतात, लाल गराच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचा पराग रात्री ब्रशने लावावा लागतो. विकणारा मात्र लालच पुढे करतो, कारण ते दिसायला छान. अ‍ॅव्होकॅडोचं फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींचं मादीपण सकाळी, काहींचं दुपारी, म्हणून दोन्ही तऱ्हेची झाडं जवळ असली की फळ चांगलं धरतं. गच्चीतल्या एका कुंडीत हा संसार कसा मांडायचा, हे आपल्या लेखकाने सांगावं.

वीसेक वर्षांपूर्वी इकडे व्हॅनिलाची लाट आली होती, तिची आठवण किती जणांना आहे कोण जाणे. मूळची मेक्सिकोची ही वेल जगभर नेली, पण तिथला परागीभवन करणारा कीटक बरोबर आला नाही. शेवटी १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातला आडपडदा बारीक काडीने उचलून पराग अंगठ्याने दाबायची युक्ती काढली. आजही जगभर जवळजवळ तेच करतात. फूल सकाळचं, दुपारपर्यंत कोमेजतं, आणि शेंग पिकायला आठ-नऊ महिने. लाटेत वेली विकल्या गेल्या त्या रोपामागे मोजून पैसे घेऊन. हे हाताचं काम किती जणांना शिकवलं होतं?

ज्यांच्याकडे एकाच वेलीपुरती जागा आहे त्यांनी खट्टू होऊ नये. करांदा म्हणजे वेलीवर लागणारा कंद, त्याला नर लागत नाही की मादी, पानांच्या बेचक्यात आपोआप धरतो (रानातला अनोळखी करांदा मात्र खाऊ नये, त्याचे परिणाम मी दवाखान्यात पाहिले आहेत). नीरफणस मुळाच्या फुटव्यावर होतो, त्याच्या फळात बीच नसतं. चौधारी घेवडाही एकटा भागवतो. फक्त दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही, म्हणून नवरात्रात 'नुसता पाला माजलाय' म्हणून उपटू नका. पाला, फूल, शेंग, कंद, सगळं खाता येतं त्याचं.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो. मग रोपाच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधायला काय अडचण आहे? रोप बियांचं की कलमाचं, काडी नराची की मादीची, एकटं फळेल की जोडी लागेल, फळ साधारण किती वर्षांनी. औषधाच्या बाटलीवर यापेक्षा बारीक अक्षरात जास्त लिहिलेलं असतं. कृषी खात्याने हे मनावर घ्यावं, आणि तोवर आपण पुरवणीतल्या प्रत्येक लेखाखाली ही माहिती चौकटीत द्यावी.

ता. क. पत्र छापल्यास नाव देऊ नये. इथला कलमवाला माझा रोजचा शेजारी आहे, आणि पावसाळ्यात मला त्याच्याचकडून काड्या घ्यायच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, राजापूर तालुका (जि. रत्नागिरी)