नौका नंबर नसलेल्यांसाठी: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, २२ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मी घरी सवलती वाचून दाखवल्या, तेव्हा आईने विचारलं, "यात आपण कुठं?"

आई तीस वर्षं उरणच्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडते. ओहोटीला मांडीभर चिखल तुडवत जायचं, तिवरांच्या कडेने फग (चिंबोऱ्या पकडायचे जाळीचे सापळे) लावायचे, आमिषाला शिंगाळ्याची डोकी किंवा चिकनवाल्याकडची आतडी. पाणी चढू लागलं की एकेक फग उचलून बघायचा. ना होडी, ना इंजिन. म्हणजे डिझेलचा परतावा नाही. किसान क्रेडिट कार्डासाठी गेलो, तर पहिलाच प्रश्न आला: नौकेचा नोंदणी क्रमांक?

खरी नड पैशाची आहे, तीही सांगते. कात टाकलेली चिंबोरी आतून पोकळ असते, नुसतं पाणी. व्यापारी अंगठ्याने पोटाकडे दाबतो, कवच दबलं की भाव निम्म्याच्याही खाली. मग तीच चिंबोरी तो डब्यात ठेवतो, कुटी (बारीक, स्वस्तातली) मासळी खायला घालतो आणि तीन-चार आठवड्यांत भरलेली म्हणून विकतो. ही युक्ती आईलाही ठाऊक आहे. पण तिला आज संध्याकाळी तांदूळ आणायचे असतात, शिवाय गणपतीला घेतलेली उचल त्याच व्यापाऱ्याची. त्याला सोडून दुसऱ्याला माल द्यायची सोय नाही. (अमावस्येची चिंबोरी भरलेली म्हणून गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं, तेही त्याच्याच गल्ल्यात.)

कांदळवन योजनेत खेकडापालन आहे, चांगलं आहे. पण पिल्लू सोडून मोठं व्हायला कित्येक महिने जातात. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या बाईला तेवढा दम कुठला? तिला हवेत पोकळ चिंबोऱ्या भरवायला वीस-पंचवीस डबे, आणि महिनाभर थांबता येईल एवढं बिनव्याजी खेळतं भांडवल. हे बचत गटामार्फत देता येईल.

दुसरं मागणं नोंदणीचं. होडीची नको, माणसाची करा. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भरावामुळे मासेमारी बुडालेल्या उरण परिसरातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भराव पडला की खाडीवरचं पोट जातं, हे निदान कागदावर आलं. पण उद्या पुन्हा कुठे भराव पडला आणि पंचनाम्याला कुणी आलं, तर पायी फिरणाऱ्या आईने काय दाखवायचं? फग?

आपण एकदा येऊन बघावं. आई म्हणते, उधाणाच्या ओहोटीला या, तेव्हा चिखल लांबवर उघडा पडतो. बूट मात्र चालायचे नाहीत.

आपली,
उरणच्या खाडीकाठची एक मुलगी