टपालाच्या खणांतून दिसलेला देश

बेळगाव,
१२ डिसेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आले तेव्हा मी घरी नव्हतो. सत्तेचाळीस दिवसांचा प्रवास आटोपून गेल्या आठवड्यात परतलो, तर दाराखालून सरकवलेल्या टपालात, विजेच्या बिलाखाली, तुझे अक्षर दिसले. मला हाताने पत्र लिहिणारा आता तू एकटाच उरला आहेस, त्यामुळे पाकीट पाहताच ओळखले. निघण्यापूर्वी टाकलेल्या माझ्या कार्डाला उत्तर म्हणून तू एकच प्रश्न विचारला आहेस : "एवढा मुलूख एकट्याने हिंडणार, पण बोलणार कोणत्या भाषेत?" फोनवर सांगून टाकता आले असते, पण हे उत्तर मलाच अजून नीट मांडता आलेले नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, चौतीस वर्षे पत्रे सॉर्ट केली, हे तुला ठाऊक आहे. त्यांतली कितीतरी वर्षे हुबळी-मिरज मार्गावर, धावत्या गाडीच्या टपाल डब्यात गेली. लोकांना वाटायचे, काय मजा आहे, रोज रेल्वेने फुकट फिरतो. प्रत्यक्षात बाहेर काळोख, आत दिव्याचा पिवळा उजेड आणि समोर भिंतभर लाकडी खण. माझ्यासाठी देश म्हणजे ते खण. अमृतसर म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा, तंजावर म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरची ओळ. गाव कसे आहे, तिथला माणूस काय खातो, याची कधी गरजच पडली नाही. पाकीट बरोबर खणात गेले की माझा आणि त्या गावाचा संबंध संपला.

पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित. एकाच नावाची पाच गावे आणि पत्ता कोणत्या लिपीत येईल याचा नेम नाही, अशा देशात सहा आकड्यांनी सॉर्टरची मोठी सोय केली. मात्र आपल्या सीमाभागात त्या आकड्यांनी एक गंमतही केली. निपाणीचे पाकीट ५९१२३७, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या कागलचे ४१६२१६. निपाणीच्या माणसाची सासुरवाडी कागलला असली, बाजार एक असला, बोली एक असली, तरी जावयाचे पत्र पाचाच्या खणात आणि सासऱ्याचे चाराच्या. मी स्वतः हजारो पत्रे अशी वेगळी केली आहेत. सॉर्टरचे मन हळूहळू तसेच घडते. जिथे खण बदलतो तिथे माणूसही बदलत असणार, असे त्याला वाटू लागते. हे खरे आहे का, एवढेच पाहायला मी निघालो होतो, असे समज.

बेळगावाहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत दोन रात्री लागल्या. त्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. भुसावळला केळी, आग्र्याला पेठा, आणि फेरीवाल्याची हाक मात्र कुठेही एकदम बदलली नाही. चहाचा "चाय" कोणत्या स्टेशनावर झाला, हे झाशीला पोचल्यावर आठवू गेलो तरी आठवेना. दिल्लीत पोट बिघडल्यामुळे चार दिवस एका धर्मशाळेत काढले. त्यावर एवढेच लिहिणे पुरे.

अमृतसरहून बसने घुमानला गेलो. गुरदासपूर जिल्ह्यातले हे गाव, आणि इथे नामदेव महाराज कित्येक वर्षे राहिले अशी तिथली पक्की श्रद्धा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा आपण दोघे वर्तमानपत्र वाचून हसलो होतो, आठवते? बेळगावकरांनी संमेलने पाहिली आहेत, पंजाबात कशाला, असे तू म्हणालास. आता सांगतो, कशाला ते. गुरुद्वाऱ्यात शिरताना डोक्याला रुमाल बांधायला मला जमत नव्हता. एका म्हाताऱ्या सरदारजींनी तो बांधून दिला आणि कुठून आलात म्हणून विचारले. मी नामदेवांचा मुलूख सांगायचा म्हणून पंढरपूरचे नाव घेतले, तर ते गंभीरपणे म्हणाले की बाबा नामदेव तर इथलेच. वाद घालावासा वाटला नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि आत चाललेल्या पठणात "बीठल" हा शब्द कानावर पडला तेव्हा मी जागीच थबकलो. माझी आजी खानापूरहून पायी वारीला जायची. तिच्या तोंडचा तो शब्द पंजाबी वळणाने, पगडीधारी माणसाच्या गळ्यातून येत होता. नंतर लंगरात मांडी घालून बसलो, हातावर रोटी पडली, आणि त्या रांगेत मला कोणीही जात विचारली नाही, भाषाही विचारली नाही.

गुवाहाटीच्या गाडीत समोरच्या बर्थवर एक जवान होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात असल्यामुळे कॅम्पातल्या गल्ल्या त्याला माझ्याइतक्याच पाठ होत्या, आणि गाव चंदगड तालुक्यातले. कुठे चालला आहेस, असे विचारल्यावर तो नुसता हसला. मीही हसलो, कारण आयुष्यभर मी ९९ एपीओ, म्हणजे गावाचे नाव नसलेला लष्करी टपालाचा पत्ता, लिहिलेली पाकिटे एका खणात टाकली होती आणि तो खण कुठे उघडतो हे मला कधीच कळायचे नव्हते. त्याच्या आईची पत्रेही कदाचित माझ्या हातून गेली असतील. उतरताना त्याने वाकून नमस्कार केला आणि "येतो की, तात्या" म्हणाला. त्या "की"ने डोळ्यांत पाणी आले, हे तुला लिहायला लाज वाटत नाही.

आता सिलचरबद्दल सविस्तर लिहितो. लामडिंगनंतर गाडी डोंगरांत शिरते आणि एकामागून एक बोगदे सुरू होतात. आपल्या कॅसलरॉकच्या घाटाची आठवण येते, पण इथला डोंगर अधिक ओला आणि मऊ दिसतो. पलीकडे उतरले की बराक नदीचे खोरे लागते, आणि राज्य आसाम असले तरी लोक बंगाली बोलतात. १९६० साली असमिया ही राज्यभाषा ठरली, तेव्हा या खोऱ्यात बंगालीसाठी आंदोलन पेटले, आणि १९ मे १९६१ रोजी सिलचर स्टेशनात पोलिसांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. अकरा माणसे गेली. त्यांत सोळा वर्षांची कमला भट्टाचार्य होती. पुढे त्या भागापुरती बंगालीला मान्यता मिळाली.

दर १७ जानेवारीला तुझे वडील आपल्या दोघांना बोटाला धरून हुतात्मा चौकात न्यायचे. १९५६ च्या सीमालढ्यातल्या त्या हुतात्म्यांची नावे आपण पाढ्यांसारखी म्हणत असू. इतकी वर्षे माझी समजूत अशी होती की हे दुःख फक्त आपल्या वाट्याचे, देशात इतर कोणाला ते ठाऊक नाही आणि कळणारही नाही. सिलचर स्टेशनातल्या स्मारकापुढे उभा राहिलो तेव्हा कळले की आपल्यालाही त्यांचे ठाऊक नव्हते. मी त्या गावची पाकिटे सॉर्ट करत होतो, सिलचर, ७८८००१, आणि एकदाही विचारले नाही की तिथे कोण राहते.

स्टेशनाबाहेर चहा प्यायलो. टपरीवाल्याने गाव विचारले. बेळगाव म्हणालो, कर्नाटक म्हणालो, आणि मराठी बोलतो असे सांगितल्यावर तो गोंधळला. समजावायला हिंदी अपुरी पडू लागली, तेव्हा मी खिशातली शंभराची नोट काढली. तिच्या पाठीवर पंधरा भाषांची पट्टी असते, तू पाहिली असशील, पण वाचली नसशील. वरून चौथी ओळ कन्नड आणि आठवी मराठी. दोहोंवर बोट ठेवून मी सांगितले की माझे राज्य इथले आणि माझे घर इथले. त्याने नोट हातात घेतली, चष्मा वर केला, आणि पहिल्या दोन ओळींवर बोट टेकवले. पहिली असमिया, दुसरी बंगाली. लिपी जवळजवळ एकच. बंगाली "र"च्या पायाशी टिंब आहे आणि असमिया "र"च्या पोटात तिरकी रेघ, हाच काय तो चटकन डोळ्याला दिसणारा फरक. मग तो हसत म्हणाला, "तुमच्यात निदान मधे तीन ओळी आहेत. आमच्यात एकही नाही." मी मोजून पाहिले. काश्मिरी, कोंकणी, मल्याळम. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि ती नोट मी अजून मोडलेली नाही.

कोलकात्याहून चेन्नईकडे येताना दिवसभर खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचणे हाच उद्योग केला. पंजाबपासून बंगालपर्यंत अक्षरांच्या डोक्यावर एक आडवी रेघ होती. ओडिशात शिरताच ती वाकून गोल झाली, आणि मला एक अक्षरही लागेना. आंध्रात मात्र अक्षरे अचानक ओळखीची झाली. तेलुगू मला येत नाही, पण तिची लिपी कन्नडची सख्खी बहीण आहे, आणि कन्नड लिपी मी नोकरीत, खरे सांगायचे तर रागारागाने, शिकलो होतो. शेजारच्या खणावर बसणारे एक कन्नड सहकारी मला रोज दहा पत्ते मोठ्याने वाचायला लावायचे, चुकलो तर चहा माझ्या खर्चाने. हजारो किलोमीटरनंतर ज्या लिपीने मला घर जवळ आल्यासारखे वाटले, ती मराठी नव्हती. हे वाक्य तुला आवडणार नाही. मलाही ते लिहिताना थोडे जड गेले. पण घडले ते असे.

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात राजराज चोळाचे १०१० चे दगड पाहायला सगळे जातात. मी प्राकाराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख पाहायला गेलो, तो दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला, भोसले घराण्याच्या इतिहासाचा. व्यंकोजी राजे सतराव्या शतकात तिथे गेले, आणि १८५५ साली इंग्रजांनी राज्य खालसा केले तरी माणसे राहिली. भिंतीजवळ एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी स्वतःशी पुटपुटत वाचतो आहे हे ऐकून ते उठून जवळ आले आणि मराठीत म्हणाले, "मोठ्याने वाचा." शब्द आपले, पण चाल तमिळ, दोन वाक्ये गेल्यावर कान सरावला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा तमिळ, त्यामुळे घरची पत्रेसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. ते लहानपणापासून या भिंतीपाशी येऊन बसत होते आणि तिच्यावर काय लिहिले आहे हे त्यांनी स्वतः कधी वाचलेले नव्हते. शब्द सलग कोरलेले, काही झिजलेले, तरी जमेल तेवढे वाचत गेलो. मालोजी, शहाजी अशी नावे आली की ते मान हलवत. ऊन चढले तेव्हा घसा बसला आणि मी थांबलो. त्यांनी मला घरी नेऊन जेवू घातले. सांबारावरून थोडी थट्टा झाली. ते संभाजी राजांच्या नावावरून आले असे ते शपथेवर सांगतात, मी गप्प राहून दोनदा वाढून घेतले.

बेंगळुरूहून राणी चन्नम्मा गाडीने परत आलो. पहाटे हुबळी-धारवाडच्या पुढे डोळा उघडला आणि लोंढ्यानंतरची ती लाल माती दिसली. घरी पोचलो तर दाराला कुलूप, कडीत वहीचा एक कागद अडकवलेला. नातू दुसरीत आहे; त्याला शाळेत अजून इंग्रजी आणि कन्नड एवढीच अक्षरे आली आहेत. चिठ्ठी कन्नड अक्षरांत होती आणि भाषा मराठी. "आजोबा, आम्ही देवळात गेलोय. किल्ली काकूकडे." कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ वेगळा आणि दीर्घ ओ वेगळा, मराठीला तो भेद माहीत नाही. "आजोबा"तला ओ त्याने विचारपूर्वक दीर्घ काढला होता, आणि मी रोज ऐकतो तो बरोबर तेवढाच लांब असतो.

कागद जपून ठेवला आहे, आलास की दाखवीन. जानेवारीत ये, कुंदा आणून ठेवतो, आणि मांडे करणारी बाई अजून त्याच गल्लीत आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाकिटावर पिनकोड लिहायला विसरू नकोस; मागच्या वेळी तू शेवटचा आकडा गाळला होतास.

तुझा,
शाळेतला बाकमित्र