बॉडीवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर बेळगावजवळचा तो जुना, गाडीमागे ओढायचा, दोन माणसांच्या निजण्यापुरता कॅराव्हॅन ट्रेलर पाहायला आपण माझ्याबरोबर आलात, तेव्हा मी त्याचा बयाणा आधीच देऊन बसलो होतो आणि ते आपल्याला सांगितले नव्हते. परतताना चोर्ला घाटात आपण ‘घाई झाली खरी’ एवढेच म्हणालात, म्हणजे आपल्याला ते कळलेच होते.

मी पडदे, गादी आणि दिवे पाहून खूश झालो होतो. आपण दारातच थांबलात, कारण आत अगरबत्ती लावलेली होती आणि दुपारी दोन वाजता ट्रेलरमध्ये अगरबत्ती कशाला, असा प्रश्न मला पडला नसला तरी आपल्याला पडला. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत आपण खिडकीखाली आलात. तोवर टणक येणारा आवाज तिथे बद्द झाला आणि टोक टेकवताच ते भिजलेल्या पुठ्ठ्यात रुतावे तसे प्लायवूडमध्ये गेले. पाणी खिडकीतून नव्हे, तर छताच्या सांध्यातून शिरून आतल्या लाकडी चौकटीवरून खाली उतरते, त्यामुळे खिडकीभोवती सिलिकॉनचे कितीही थर दिले तरी गळती थांबत नाही, हे उभा जन्म बसच्या बॉड्या बांधण्यात गेलेल्या माणसानेच ओळखावे. टायरची नक्षी नवी दिसत होती, पण बाजूवर 2215 हा आकडा होता, म्हणजे टायर 2015 सालच्या बाविसाव्या आठवड्यातले होते. उभ्या वाहनाचे टायर झिजत नाहीत, नुसते वयाने तडकतात, हे मला त्या दिवशी कळले. या सगळ्यापायी विक्रेत्याने किंमत 35,000 रुपयांनी उतरवली.

कागदपत्रांचेही आपणच बजावलेत. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन ठरते, त्यामुळे चॅसिस क्रमांक कापडाने पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला, कर्नाटकातून ना-हरकत घेण्यासाठी फॉर्म 28 भरला आणि नाव बदलण्यासाठी 29 व 30. त्यात हेलपाटे झाले, पण अडले काही नाही.

आपल्या शेडमधले पंधरा दिवस मात्र मी विसरणार नाही. कुजलेले लाकूड काढून नवे बसवले, छताच्या सांध्यांवरचे सिलिकॉन खरवडून काढले आणि सांध्यावरच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चिकट फीत, घालून ती पट्टी पुन्हा रिव्हेटने बसवली. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवल्यावर जो खडखडाट आला, तो बेअरिंगचा होता. बेअरिंगमध्ये ग्रीस बोटांनी दाबून कसे भरायचे, ते आपण माझ्याच हातून करून घेतलेत. त्याहून मोठा धडा वजनकाट्याचा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार त्याला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या हुकावर हवा, कमी पडला तर वेगात मागचा भाग डोलू लागतो, असे सांगून आपण घरातला माणसांचा काटा आणून हुकाखाली ठेवलात. सातशे किलोच्या ट्रेलरला तो 42 दाखवू लागला. मागची 40 लिटरची पाण्याची टाकी रिकामी केली, बॅटरी पुढे आणली, आणि काटा 79 वर गेला. अजूनही प्रत्येक प्रवासाआधी मी तो काटा लावतो, घरची माणसे हसतात.

आता माझी चूक. जून लागण्याआधी आपण बजावले होते, की ताडपत्री गुंडाळू नका, वर पत्र्याची शेड टाका आणि चारी बाजूंनी वारा खेळू द्या. मी शेडचा खर्च टाळला आणि ट्रेलर ताडपत्रीत घट्ट बांधला. चवथीच्या आदल्या आठवड्यात उघडला, तर आतल्या दमटपणाने गादीवर हिरवी बुरशी आली होती; गळती मात्र एका थेंबाचीही नव्हती. आपण येऊन पाहिलेत, एक शब्दही लागट बोलला नाहीत, अंगणातले चार चिरे उचलून आणलेत आणि चॅसिस त्यांच्यावर टेकवून टायरवरचा भार काढलात. मजुरी विचारली, तर चहा मागितलात.

शेडचे खांब परवा उभे राहिले. पत्रे चढवताना उतार कुठल्या बाजूला ठेवायचा ते ठरत नाही. येत्या रविवारी सवड असेल तर आपण यावे, चहाचे आधण मी आधीच ठेवीन.

आपला ऋणी,
फोंड्याचा ट्रेलरवाला